आरशावरची वाफ

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात, पहिल्या पेशंटच्या तोंडात आरसा घातला की तो क्षणात पांढरा व्हायचा. बघायची असायची वरची शेवटची दाढ. हातात जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा गोल आरसा, आणि त्यात दाढेच्या जागी नुसतं धुकं. मग मी तोच आरसा पेशंटच्या गालाला आतून हलकेच टेकवायची, एकदा फिरवायची आणि पुन्हा दाढेमागे न्यायची. दाढ दिसायला लागायची.

ही युक्ती मी पुस्तकात वाचलेली नव्हती. १९७६ साली मुंबईच्या डेंटल कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढच्या मुलीने ती दाखवली, तिला तिच्या पुढच्या कुणी दाखवली असणार. उच्छ्वासाची हवा जवळजवळ अंगाइतकी ऊन आणि ओलीने भरलेली असते. गार काचेला लागताच त्या ओलीचे बारीक बारीक थेंब होतात, आणि प्रत्येक थेंब उजेड वेगळ्याच दिशेला फेकतो. गालाला लावल्यावर आरसा थोडा ऊबदार होतो आणि त्यावर लाळेचा पातळ थर बसतो. पुढची वाफ त्या थरात पसरून जाते, तिचे थेंब होत नाहीत. पाणी तेवढंच असतं, पण थर झाला की आरपार दिसतं.

चाळीस वर्षं मी दात बघितले असं लोक म्हणतात. निम्म्या वेळा मी दात बघितलेलेच नाहीत, त्यांची प्रतिबिंबं बघितली. वरच्या दाढांची मागची बाजू सरळ बघायची तर मान अशी वाकवावी लागते, की दहा वर्षांत मणके जातात. म्हणून आरसा. आणि आरसा म्हटला की त्यावरची वाफ, लाळ, पाणी, दाताचा भुगा. आमच्या धंद्याचा इतिहास सांगणारे यंत्रांचा आणि शोधांचा सांगतात. मला तो या आरशाच्या बाजूने सांगावासा वाटतो, कारण दवाखान्यातला माझा बराचसा वेळ तो स्वच्छ ठेवण्यात गेला.

सुश्रुताच्या वीस शस्त्रांत दंतशंकू आहे, दातांवरचं किटण खरवडायचा. शरीराच्या आत डोकावण्यासाठी नळीसारखी नाडीयंत्रंही त्याने सांगितली आहेत. युरोपात पिएर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकावरचा मोठा ग्रंथ पॅरिसमध्ये छापला आणि पेशंटला जमिनीवर न बसवता खुर्चीत बसवा असं बजावलं. आरशाची गोष्ट मात्र मला सापडली ती दातांच्या वैद्याकडे नाही, एका गायनाच्या मास्तरांकडे.

मानुएल गार्सिया हे स्पॅनिश गवयांच्या घराण्यातले. वडील नावाजलेले गायक, मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हिआर्दो या बहिणी युरोपभर गाजलेल्या गायिका. ते स्वतः लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवत. आयुष्यभर त्यांना एकच ध्यास होता: गाताना गळ्याच्या आत नेमकं काय हलतं ते जिवंत माणसात बघायचं. १८५४च्या सप्टेंबरात सुट्टीसाठी ते पॅरिसला आले होते. पॅले रोयालच्या आवारात फिरत असताना ऊन खिडकीच्या काचांवरून चमकलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे दोन आरसे उभे राहिले, एक उन्हाचा कवडसा आत टाकणारा आणि दुसरा आतलं बाहेर दाखवणारा. ते तडक शारिएर या शस्त्रं बनवणाऱ्याच्या दुकानात गेले आणि लांब दांडीचा लहान आरसा आहे का म्हणून विचारलं. दुकानात दातांच्या वैद्यांसाठी बनवलेला एक होता. १८५१ सालच्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तो मांडला होता, पण त्याला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. गार्सियांनी तो सहा फ्रँकना घेतला.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आरसा कोमट पाण्यात गरम केला आणि काळजीपूर्वक पुसून कोरडा केला. मग तो पडजिभेला टेकवला, दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःच्याच स्वरतंतूंमधली फट त्यांना उघडी दिसली. आरसा गार असता तर पहिल्या श्वासाला पांढरा झाला असता. पुढच्या वर्षी, १८५५ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. त्यानंतर ते पन्नासएक वर्षं जगले. १९०५ साली त्यांची शंभरी झाली, तेव्हा गायकांइतकेच घशाचे डॉक्टरही त्यांना मानवंदना द्यायला जमले होते.

आरसा पुढे डॉक्टरांच्या हाती गेला. व्हिएन्नाच्या लुडविग ट्युर्क यांनी तो उन्हात वापरला, पण हिवाळ्यात सूर्य दिसेना म्हणून बाजूला ठेवला. योहान चेर्माक यांनी त्यांच्याकडून आरसे मागून घेतले आणि सूर्याऐवजी दिवा आणि खोलगट आरसा वापरून काम पुढे नेलं. आजही जुन्या वळणाचे कान-नाक-घसा तज्ज्ञ घशाचा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर धरतात, आपल्या हाताच्या पाठीला लावून फार तापला नाही ना ते बघतात आणि मगच तोंडात घालतात. दातांच्या डॉक्टरांचा आरसा घशाच्या डॉक्टरांनी उसना नेला आणि ऊब देण्याची शिस्त जिवापाड सांभाळली. आम्ही मात्र ती गालावर सोपवून मोकळे झालो.

गार्सियांची हकिगत मला ठाऊक नव्हती तेव्हाच मी ती जगले होते. १९८३ साली पाटण तालुक्यातल्या एका डोंगराळ वाडीत शाळेतल्या मुलांचे दात तपासायला गेले होते. शाळेत वीज नव्हती आणि माझ्या टॉर्चचे सेल वाटेतच गेले. शाळेच्या गुरुजींनी घरून दाढीचा आरसा आणला. मुलाला बाकावर सूर्याकडे पाठ करून बसवायचं, आणि गुरुजींनी समोर उभं राहून कवडसा त्याच्या तोंडात टाकायचा. बाहेर तीन दगडांच्या चुलीवर पातेल्यात माझे सात-आठ आरसे उकळत होते. एक काढायचा, फडक्याने पुसायचा, जरा निववायचा, वापरायचा, परत पातेल्यात. साठ-सत्तर मुलं झाली आणि एकदाही आरशावर वाफ धरली नाही. मी ते डोंगरावरच्या हवेचं श्रेय समजले. खरं श्रेय पातेल्याचं होतं.

मात्र त्या संध्याकाळी आरसे डब्यात ठेवताना कडेने काळ्या रेघा दिसल्या. काचेमागची चांदी उकळण्याने सुटत चालली होती. ही चांदी तिथे आली तीही गार्सियांच्याच शतकात. त्याआधी काचेमागे कथील आणि पाऱ्याचा मुलामा असे, आणि तो लावणाऱ्या कारागिरांचं आयुष्य पारा खाऊन टाकत असे. युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना १८३५ साली काचेवर चांदीचा थर धरवण्याची रासायनिक क्रिया सापडली, आणि पुढे तिचा कारखान्यात उपयोग झाला. आरसा लखलखीत झाला, पण एक अडचण राहिली. काचेमागच्या चांदीतून एक प्रतिबिंब येतं आणि काचेच्या पुढच्या अंगावरून दुसरं, फिकट. दाताच्या फटीसारखी बारीक रेघ बघताना तिच्याशेजारी तिची सावली उभी राहते. खरी कीड कुठे आणि सावली कुठे, हे हातातली दात कोरायची बर फिरत असताना ठरवावं लागतं.

केरळातल्या अरनमुळ्याचा धातूचा आरसा ज्यांनी पाहिला असेल त्यांना यातला फरक लगेच कळेल. त्याला बोट टेकवा, बोट आणि प्रतिबिंब एकमेकांना थेट भिडतात, मध्ये काचेची जाडी येत नाही. आमच्याकडे हे काम ऱ्होडियम धातूच्या मुलाम्याने झालं. मुलामा काचेच्या पुढच्या अंगावर, प्रतिबिंब एकच आणि धारदार. असा पहिला आरसा मी हातात घेतला त्या दिवशी, रोज बघत असलेल्या दाढांवरच्या रेघा मला पहिल्यांदा खऱ्या दिसल्या. फक्त त्याला जपावं लागतं, कारण मुलामा उघड्यावर असतो आणि बरचा एक ओरखडा कायमचा राहतो.

वाफेचा बंदोबस्त एवढाच प्रश्न असता तर तो कोमट पाण्याने सुटला होता. तोंडात लाळही असते, दिवसाला अर्धा ते दीड लिटर. १८५५ साली रॉबर्ट आर्थर यांनी दातात सोन्याचा पातळ पत्रा ठोकून भरायची जी पद्धत पुढे आणली, तिच्यात सोन्याचा थर सोन्यावर चिकटायला जागा अगदी कोरडी लागे. एक थेंब आत गेला की तासाभराची मेहनत वाया. त्या काळचे डॉक्टर कापसाचे, टिपकागदाचे, रुमालाचे ढीग घेऊन लाळेशी झुंजत. न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टिसेलो गावच्या सॅनफर्ड बार्नम या तरुण डॉक्टरांनी १५ मार्च १८६४ रोजी, खालच्या एका दाढेभोवतीची लाळ काही केल्या आटोक्यात येईना तेव्हा, रबराच्या एका तुकड्याला भोक पाडून तो सरळ दाढेवर चढवला. दाढ वर आली, तोंड खाली झाकलं गेलं. तोच रबर डॅम. बार्नम यांनी त्यावर हक्क न सांगता तो साऱ्या धंद्याला देऊन टाकला. माझ्या दृष्टीने त्याचा दुसरा उपकार असा, की तोंडाचं दार बंद झाल्यामुळे पेशंट नाकाने श्वास घेतो आणि आरसा स्वच्छ राहतो. आमच्याकडे खूप वर्षं रबर डॅम परीक्षेपुरता होता. पेशंटला गुदमरेल, वेळ जाईल, अशी कारणं मीही सांगितली आहेत. ती कारणं खरी नव्हती.

मी दवाखाना टाकला १९८१ साली. तेव्हा माझ्याकडे दोरीवर फिरणारं विजेचं मशीन होतं. जेम्स मॉरिसन यांच्या १८७१ सालच्या पायाने मारायच्या यंत्राचाच तो वंशज, पायाच्या जागी मोटर एवढाच फरक. वेग कमी, घरघर जास्त, पण काम कोरडं. आरशावर यायचा तो फक्त दाताचा भुगा आणि श्वास. रबरी फुग्याच्या चिप ब्लोअरने एक फुंकर मारली की भुगा उडायचा.

पाच वर्षांनी कर्ज काढून एअरोटर घेतला. जॉन बॉर्डन यांनी १९५७ साली अमेरिकेत बाजारात आणलेलं हे हवेवर चालणारं यंत्र मिनिटाला तीन लाख फेऱ्यांपर्यंत जातं. दाढ लोण्यासारखी कापली जाते, पेशंटचा थरकाप थांबतो. पण एवढ्या वेगाने घासलं की दात तापतो, म्हणून बरच्या टोकाशी पाण्याचा फवारा सोडलेला असतो, मिनिटाला साधारण पन्नास मिलिलिटर. ते पाणी दातावर आपटून उडतं आणि नेमकं आरशावर येतं. जुन्या मशीनवर सफाईने आरशात बघून काम करणारी मी, पहिल्या आठवड्यात आंधळ्यासारखी झाले. पावसात वायपर बंद पडलेल्या एसटीचा ड्रायव्हर व्हावा तशी.

त्या दिवसांत मी एक चूक केली, ती लिहिणं मला भाग आहे. एका प्राथमिक शिक्षकांच्या वरच्या दाढेत काम चालू होतं. आरशात काही दिसेना. मी पाणी बंद केलं आणि तसंच कापलं, फार नाही, मिनिटभर असेल. आरसा झकास स्वच्छ झाला. जळक्या शिंगासारखा वास आला तोही मी ओळखला, आणि तरी पूर्ण करून मगच थांबले. दोन महिन्यांनी ते गाल धरून आले. दाताची नस मेली होती. मी त्यांना सांगितलं, "गुरुजी, चूक माझी आहे, मी पाणी बंद केलं होतं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता पुढं काय करायचं ते बघा, बाई." रूट कॅनॉल केलं, पैसे घेतले नाहीत. पण दात मेलेला तो मेलेलाच.

त्यानंतर वाचायला बसले. लिओ झॅक आणि गर्सन कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर केलेला प्रयोग आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असायला हवा. दाताच्या आतलं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं, तर सुमारे पंधरा टक्के दातांची नस सावरली नाही. तेव्हा पाणी हवंच, आणि आरसाही स्वच्छ हवा. माझे दोन्ही हात गुंतलेले, एकात एअरोटर, दुसऱ्यात आरसा. मग उरलेलं काम कुणी करायचं?

या प्रश्नाचं उत्तर न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी शंभर वर्षांपूर्वीच दिलेलं होतं. १८८५च्या सुमारास त्यांनी आपल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून मल्विना क्युएरिया या मुलीला ठेवलं. दातांच्या डॉक्टरची पहिली असिस्टंट म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्या काळी बाया एकट्या दवाखान्यात यायला कचरत, म्हणून पुढे डॉक्टर खिडकीत पाटी लावू लागले, की आत बाईमाणूस हजर असते. आधी ती हजर असणं हेच काम होतं. हळूहळू तिच्या हातात हत्यारं आली. याच केल्स यांनी मोटरवर चालणारा सक्शन पंप तयार केला, तोंडातलं रक्त आणि लाळ ओढून घेणारा. क्ष-किरणांचा दातांसाठी वापर करणाऱ्या पहिल्या काही माणसांतही ते होते आणि त्या किरणांनी त्यांची बोटं, पुढे हात खाल्ला. सक्शन आणि ते धरणारं माणूस, दोन्ही एकाच दवाखान्यातून पुढे यावं याचं मला राहून राहून नवल वाटतं.

१९५८ साली पूर्ण आडवी होणारी खुर्ची आली, डॉक्टर उभा राहायचा तो स्टुलावर बसला. आडव्या पेशंटच्या घशात पाणी साचतं, म्हणून जोरकस सक्शन आलं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डेंटल कॉलेजांत सरकारी पैशाने चार हातांचं काम शिकवायला सुरुवात झाली, दोन डॉक्टरचे आणि दोन असिस्टंटचे. आमच्याकडे हे शिक्षण कॉलेजात नव्हतं. माझ्या दवाखान्यात झाडलोट करायला, नंबर लावायला मावशी होत्या. सातवी शिकलेल्या, वय चाळीस. मी त्यांच्या हातात हवा आणि पाणी मारायची थ्री-वे सिरिंज दिली.

त्यांना मी काय शिकवलं ते थोडं आहे, त्यांनी मला काय शिकवलं ते जास्त. मी सांगितलं होतं, आरशावर पाणी दिसलं की हवा मारा. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं, की सतत हवा मारली तर पाणी उडून पेशंटच्या डोळ्यांत जातं आणि उघडी दाढ झिणझिणते. त्या माझ्या पायाकडे बघायला लागल्या. पेडलवरून पाय उचलला की एअरोटर थांबतो, त्याच क्षणी बारीकशी फूस, तिरकी, आरशाच्या कडेवरून. सक्शनचं टोक त्या दाढेच्या अगदी मागे धरायच्या, म्हणजे फवारा आरशावर येण्याआधीच ओढला जाई. शेगडीवर कोमट पाण्याचं भांडं ठेवून त्यात दोन जादा आरसे ठेवायची कल्पनाही त्यांचीच. एक मळला की न बोलता दुसरा माझ्या हातात. पेशंट तोंडाने धापा टाकायला लागला की वरून म्हणायच्या, "नाकानं, नाकानं श्वास घ्या, दादा. तोंडाचं काम बाईंना करू द्या."

सव्वीस वर्षं आम्ही असं काम केलं. पाठीचं दुखणं मला झालं नाही, माझ्या वर्गातल्या किती जणांना झालं. आरसा स्वच्छ होता म्हणून मी ताठ बसू शकले, आणि आरसा स्वच्छ होता तो मावशींमुळे. आपल्या १९४८च्या दंतवैद्य कायद्यात नोंदवह्या होत्या दंतवैद्यांच्या, डेंटल हायजिनिस्टच्या आणि कवळ्या बनवणाऱ्या डेंटल मेकॅनिकच्या. खुर्चीशेजारी उभं राहून डॉक्टरची दृष्टी सांभाळणाऱ्या बाईसाठी त्यात जागा नव्हती. जिल्ह्याच्या गावांत, तालुक्यांत हजारो दवाखाने अशा बायकांवर चालत आले. त्यांच्या हातांना कौशल्य म्हणावं असं कुणाला वाटलं नाही, आणि पगारही त्याच हिशेबाने ठरला. माझ्याकडेही पहिली कित्येक वर्षं तो तसाच ठरला, याची मला आज खंत आहे.

आता पाणी स्वतःच झटकून टाकणारे, मोटरवर गरगर फिरणारे आरसे मिळतात. काही आरशांना दांडीतूनच हवेचा झोत असतो. मी एक वापरून पाहिला, चांगला आहे. पण पेशंट कधी धाप टाकतो, जीभ कधी वर येते, डॉक्टर कधी थांबणार आहे, हे त्याला कळत नाही.

मावशी काम सोडून गेल्यावर सातेक वर्षांनी एकदा आल्या, वरची उजवी शेवटची दाढ दुखत होती म्हणून. हातात छडी, सोबत नात. मी त्यांना त्या खुर्चीत पहिल्यांदाच आडवं केलं. शेजारी नवीन मुलगी सक्शन घेऊन उभी होती, तिला येऊन महिना झाला नव्हता. मी आरसा उचलला. थंडीचे दिवस होते आणि काच हाताला गार लागत होती. गालाला टेकवायला म्हणून मी पुढे वाकले, तर त्यांनी आधीच ओठ मिटून मला हाताने थांबवलं आणि त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "भांड्यातला घे गं, बाईंना गार आरसा देऊ नको." मुलीने कोमट पाण्यातला आरसा काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला. मावशींनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि कुणी सांगायच्या आधीच नाकाने सावकाश श्वास घ्यायला लागल्या. आरशात दाढ लख्ख दिसत होती, मागच्या बाजूची कीडसुद्धा.